मैदानावरचं मैदानावर

चाल ओळखीची होती, म्हणून मी सुरुवातीला हरखले. उल्हासनगरच्या कॉन्व्हेंट शाळेत सकाळच्या प्रार्थनेला ती आमच्या कानावर पडायची. जॉन ह्यूज नावाच्या वेल्श माणसाने १९०७ च्या सुमारास बांधलेली स्तोत्राची चाल, कोळशाच्या खाणींच्या ऱ्होंडा खोऱ्याचं नाव मिरवणारी. लंडनच्या उत्तरेला एका लहानशा फुटबॉल मैदानावर हजारो माणसं तीच चाल एका दमात उचलत होती. कुणी खर्जात, कुणी मान ताणून वरच्या पट्टीत, आणि ती अशी जमली होती की माझ्या अंगावर काटा आला. मग शब्द कळले. पाहुणा संघ मागे पडला होता आणि त्याच्या पाठीराख्यांना विचारलं जात होतं, आता का गप्प बसलात, गाणी कुठे गेली तुमची? प्रत्येक ओळीत एक शब्द असा बसवलेला होता की तो मी इथे लिहिणार नाही. माझ्या शेजारी माझा नऊ वर्षांचा भाचा बसला होता.

"मावशी," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ते काय म्हणतायत ते तुला कळलं? नसेल कळलं तर बरंय."

मी अंबरनाथला राहते, शिकले उल्हासनगरला आणि शिकवते बदलापूरच्या शाळेत. शिव्या मला नव्या नाहीत. कल्याणच्या पुढे गर्दीच्या वेळी लोकल रेंगाळली, कुणाचा धक्का लागला, कुणी दार अडवून उभं राहिलं, की लेडीज डब्याच्या जाळीपलीकडून आईबहिणीवरून सुरू होतं, आणि आमच्या बाजूला आईच्या मांडीवर बसलेलं पोर ते सगळं ऐकत असतं. पण ती शिवी दोन माणसांमधली असते, तापलेली, बेसूर, आणि तिसरा कुणीतरी "अहो, बायका-पोरं आहेत" म्हणून मध्ये पडतो. इथे शिवीला चाल होती, ठेका होता, सम होती. ती एकट्याची नव्हती. बाप गात होता, बापाचा बाप गात होता, आणि त्यांच्या मध्ये मफलर गुंडाळलेली सात-आठ वर्षांची मुलगी वाफाळत्या चॉकलेटचा कप धरून शांतपणे मैदान बघत होती. आमच्या लोकलमध्ये सकाळी भजनी मंडळ टाळ धरतं आणि संध्याकाळी त्याच डब्यात हमरीतुमरी होते. ही दोन्ही कामं एकच घोळका एकाच श्वासात करू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

या क्लबचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तिथे ऐकलं ते त्या देशातल्या कुठल्याही मैदानावर ऐकू येतं, एकाच क्लबच्या माथी मारणं बरोबर नाही.

ताईचं घर लंडनच्या हॅरोला. शनिवारी दुपारी तीनचा सामना, ही तिथली जुनी वहिवाट, आणि त्या वेळेतले सामने ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, का, तर माणसांनी घरी न बसता आपल्या गावच्या मैदानावर जावं. मला ही गोष्टच फार मोठी वाटली. निघताना ताईने लेकाचं जाकीट वरपर्यंत बंद केलं आणि बजावलं, "मैदानावरचं मैदानावर. घरात आणायचं नाही." तो मान हलवून "माहितेय" म्हणाला. भावोजींनी सांगितलं की त्याच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या घरी हाच नियम आहे. मुलाला सामन्याला न्यायचं, तो ऐकणार हे धरून चालायचं, आणि दाराशी एक रेघ मारायची.

आत शिरल्यावर पहिलं लक्षात आलं ते दारूचं. जिन्याखालच्या बोळात पुरुष घोळक्याने उभे राहून घाईघाईने बिअर संपवत होते. ग्लास घेऊन कुणी वर येत नव्हतं. १९८५ च्या कायद्याने वरच्या दर्जाच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी मद्य प्यायला बंदी आहे. पुढच्या दोन तासांत जे तोंडातून बाहेर पडणार होतं त्यातलं बरंचसं तिथे बोळात आधी घशाखाली जात होतं, हे मला त्या वेळी उमगलं नाही.

आमच्या उजव्या हाताला सत्तरीचे एक गृहस्थ होते. टोपी, जाड चष्मा, खिशात सँडविच. रेफरीने पहिली शिट्टी चुकीची वाजवली (निदान आमच्या बाजूच्या सगळ्यांना ती चुकीची वाटली) आणि या शांत दिसणाऱ्या आजोबांनी त्याच्याबद्दल जे उद्गार काढले ते ऐकून मी खाली मान घातली. त्यांनी भाच्याकडे पाहिलं, डोक्याला हात लावला, "सॉरी, यंग मॅन." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुढे पुढे मी पाहिलं की शिवी ओठापर्यंत येते, ते भाच्याकडे एक नजर टाकतात आणि अर्धा शब्द गिळतात. उरलेला अर्धा मैदानावर जातो. मध्यंतरापर्यंत त्यांचे बरेच शब्द असे अर्धेच राहिले होते. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. शेजारी एक मूल बसलं होतं, एवढंच.

उत्तरार्धात पाहुण्यांचा एक सावळा विंगर आमच्या समोरच्या कडेने पळत होता. चांगला खेळत होता, म्हणूनच डोळ्यांत खुपत होता. आमच्या पुढे दोन ओळींवर एकटा बसलेला एक माणूस उठला आणि त्या मुलाच्या कातडीवरून काहीतरी ओरडला. ते गाण्यात नव्हतं. कुणी साथ दिली नाही. आमच्या आजूबाजूला क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि मग हे आजोबा, दुपारभर रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे, गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. "तू खाली बस. हे इथे चालत नाही," एवढंच म्हणाले. मागच्या ओळीतल्या एका बाईंनी फोन काढला. त्यांनी कुठे मेसेज केला ते नंतर कळलं, आत येताना भिंतीवर एक नंबर लावलेला मी पाहिला होता: वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिकता यांवरून कुणी बोललं तर इथे कळवा. थोड्या वेळाने दोन स्टुअर्ड आले, त्या माणसाशी बोलले आणि त्याला घेऊन गेले. सामना चालूच होता. भाचा सामना सोडून ते पाहत होता, त्या माणसाला आणि मग बराच वेळ आजोबांना.

परतीच्या वाटेवर त्याने मला विचारलं, "ते आजोबा पण शिव्या देत होते ना? मग त्यांनी त्याला का गप्प केलं?"

हा प्रश्न मला त्या देशात कुणीही विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर मी पुढचे कितीतरी दिवस गोळा करत राहिले.

कायद्याने ते उत्तर आपल्या परीने दिलेलं आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याच्या गॅलरीत चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती. न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल १९९० मध्ये आला आणि मोठ्या मैदानांवरची उभ्याची गॅलरी जाऊन खुर्च्या आल्या. त्याआधी म्हणे लहान पोरांना माणसांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे कठड्यापर्यंत सरकवत, कारण मागून त्यांना दिसणारच नाही. खुर्ची आली म्हणजे मुलाला स्वतःची जागा मिळाली, आईबापाच्या शेजारी. त्या अहवालापाठोपाठ १९९१ चा फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा आला. त्यात मैदानावरच्या अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा हा गुन्हा ठरला. पण कायद्याने घोषणा म्हणजे दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून दिलेली, असं धरलं होतं. एकटा ओरडणारा सुटायचा. १९९९ च्या दुरुस्तीने तो एकटाही धरला गेला. आमच्या पुढे बसलेल्या त्या माणसासारख्या एकट्याला कायद्याने धरायला ती दुरुस्ती लागली होती.

कागदावर अश्लील घोषणाही गुन्हाच आहे. पण पोलिसांनी नुसत्या शिवराळ गाण्यासाठी सगळी गॅलरी उचलायची म्हटली तर शनिवारी देश रिकामा होईल. व्यवहारात रेघ दुसरीकडे पडते. रेफरी आंधळा आहे हे कितीही घाण शब्दांत म्हटलं तरी लोक सोडून देतात. माणसाची कातडी, त्याचा देव, त्याचं प्रेम कुणावर आहे, आणि त्याच्या गावचे मेलेले, यांवर गेलं की सोडत नाहीत. मेलेल्यांचं मी ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसेना. म्युनिकच्या विमान अपघातात ६ फेब्रुवारी १९५८ ला मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू धरून २३ जण गेले. त्या अपघातावर आणि हिल्सबरोवर विरोधी गॅलरीतून चिडवणारी गाणी गायली जातात. २०२३ च्या एफए कप अंतिम सामन्यात एक माणूस हिल्सबरोच्या मृतांची चेष्टा करणारा शर्ट घालून आला, त्याला दंड झाला आणि चार वर्षं मैदानबंदी. त्याच वर्षी प्रीमियर लीगने अशा प्रकारांवर कडक नियम आणले आणि शाळांत शिकवायला साहित्यही तयार केलं, म्हणजे मुलांना ही गाणी कुणाच्या घरात जाऊन लागतात ते कळावं. शिक्षिका म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. गाणं बंद करा म्हणणं सोपं आहे. मुलाला त्या ९७ जणांच्या घरांपर्यंत घेऊन जाणं हे काम आहे.

एका सकाळी भावोजी मला वॉटफर्डला घेऊन गेले. सामना नव्हता, नुसतं मैदान पाहायला. व्हिकरेज रोडचं मैदान सरकारी इस्पितळाच्या शेजारीच आहे. आमच्याकडे इस्पितळासमोर हॉर्न वाजवू नका अशी पाटी असते, इथे वीस हजार माणसं रुग्णांच्या उशाशी ओरडायला जमतात आणि शहराने ते आपलं मानलंय. मैदानाबाहेर ग्रॅहम टेलर यांचा बाकावर बसलेला पुतळा आहे. हे टेलर प्रशिक्षक, न्यायमूर्ती टेलर वेगळे. १९७७ मध्ये ते आले तेव्हा वॉटफर्ड क्लब चौथ्या पायरीवर होता. मालकाच्या खुर्चीत गायक एल्टन जॉन. पाच-सहा वर्षांत त्यांनी क्लब सगळ्यात वरच्या पायरीवर नेला, १९८३ मध्ये तिथे दुसरा क्रमांक, १९८४ मध्ये एफए कपचा अंतिम सामना, त्यात एव्हर्टनकडून हार.

मला या विजयांपेक्षा दुसरी गोष्ट ऐकायची होती. ऐंशीच्या दशकात इंग्लंडच्या मैदानांवर मारामाऱ्या इतक्या होत्या की बायका-मुलांचं जाणं कमी झालं होतं. अनेक क्लबांनी प्रेक्षकांच्या पुढे जाळ्या उभारल्या. वॉटफर्डने मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी वेगळी जागा केली. खेळाडूंनी शाळांत, इस्पितळात जायचं, गावच्या लोकांत मिसळायचं, हे टेलर यांनी कामाचाच भाग ठरवलं. फॅमिली स्टँड आज सगळीकडे दिसतात, तेव्हा ती कल्पनाच वेगळी होती. आणि त्याच क्लबच्या मालकाला दुसऱ्या गावी गेल्यावर गॅलऱ्या गाऊन काय काय ऐकवायच्या! एल्टन जॉन पुरुषांवर प्रेम करतो यावरून हजारो माणसं त्याच्या तोंडावर गाणी म्हणायची. जगातल्या सगळ्यात मोठ्या गायकांपैकी एक माणूस आपल्यावरची ती गाणी ऐकत खुर्चीत बसायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचा. अशा क्लबने मुलांसाठी जागा करावी यात मला योगायोग दिसत नाही. टोळक्याच्या गाण्याचा मार ज्याने खाल्ला त्याला मूल कुठे बसलंय हे दिसतं.

भाचा रविवारी सकाळी खेळतो. हॅरोजवळच्या एका बागेत पाच-सहा मैदानं आखलेली, दव, चिखल, आणि आईबापांना मैदानापासून लांब ठेवणारी एक पट्टी. फुटबॉल असोसिएशनच्या २००८ च्या 'रिस्पेक्ट' मोहिमेतून आलेली ही पट्टी: आईबाप पट्टीच्या अलीकडे, खेळ पलीकडे. पट्टी का लागली ते मला दहा मिनिटांत कळलं. रेफरी शाळकरी मुलगा होता. तिथे चौदाव्या वर्षापासून रेफरी होता येतं आणि लहानांचे सामने बऱ्याचदा अशीच पोरं सांभाळतात. त्याने एक ऑफसाइड दिला आणि पट्टीमागून एक सुशिक्षित, चांगल्या कपड्यांतला बाप त्याच्यावर असा तुटून पडला की मला शनिवारची गॅलरी बरी वाटली. गॅलरीत निदान चाल होती, आणि ज्याला ऐकवलं जात होतं तो पगारी, मोठा माणूस होता. इथे चाळीस वर्षांचा माणूस पंधरा वर्षांच्या पोरावर ओरडत होता आणि त्याचा स्वतःचा मुलगा मैदानात बूट चिखलात रोवून, मान खाली घालून उभा होता. रेफरींना होणाऱ्या शिवीगाळीमुळे इंग्लंडमध्ये २०२३ पासून हौशी सामन्यांत रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून पाहायला सुरुवात झाली. पोलिसांच्या छातीवरचा कॅमेरा मी पाहिला होता. मुलांच्या खेळात तो लागावा, आणि तोही मुलांमुळे नव्हे, त्यांच्या बापांमुळे!

या दोन दिवसांत माझी समजूत पालटली. मी समजत होते की प्रश्न शब्दांचा आहे, मूल ते ऐकतं आणि बिघडतं. भाच्याला शनिवारचे सगळे शब्द आधीच माहीत होते, शाळेच्या बसने ते त्याला केव्हाच शिकवले होते. तो शिकत होता ते दुसरंच. हे शब्द कुणावर टाकले जातात, तो माणूस आपल्यापेक्षा मोठा की दुबळा, आणि आपल्या शेजारचा मोठा माणूस अशा वेळी काय करतो. आजोबा उभे राहिले, हे त्याने जितकं निरखून पाहिलं तितकं त्याने दोन्ही गोल पाहिले नाहीत.

आमच्या मातीत याची मुळं नाहीत असं कुणी म्हणू नये. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत होळी पेटली की तोंडावर हात मारून बोंबा उठतात, आणि यमक जुळवलेल्या त्या ओळी कशा असतात ते लहानपणी गावात होळी पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजी शेजारी उभी असते, नातू खांद्यावर असतो, कुणी कुणाचे कान झाकत नाही. शिमग्याने अचकट-विचकट बोलण्याला एक रात्र दिली, एक आग दिली, आणि दुसऱ्या दिवशी ते संपलं असं सगळ्यांनी मानलं. ताईची दाराशी मारलेली रेघ आणि ही रात्र एकाच शहाणपणातून आलेल्या आहेत. पण शिमग्यातही कुणा एकट्या बाईच्या दारात जाऊन तिच्या नावाने बोंब मारली की तो सण राहत नाही. रेघ तेव्हाच ओलांडली जाते, शब्द तेच असले तरी.

आणि फुटबॉलच म्हणाल तर महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. कल्याणहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी एका वेगळ्याच देशात उतरायचं, जिथे कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, बालगोपाल. राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० ची. भारताच्या भूमीवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मुंबईच्या आसपास राहणाऱ्या आम्हाला ज्याचा हेवा वाटावा असं हे प्रेम आहे, तीन पिढ्यांचं. पण त्याच कोल्हापुरातून हंगामागून हंगाम बातम्या येतात: दोन पेठांच्या पाठीराख्यांत शिवीगाळ, हुल्लडबाजी, कधी दगड, मग पोलीस बंदोबस्त, संघांवर कारवाई. ज्या खेळावर एवढी माया आहे तिथे बाई लेकीला घेऊन निर्धास्त जाऊ शकली पाहिजे. कोल्हापूरला गाणी कमी करायची गरज नाही. आजोबांसारखी उठून उभी राहणारी माणसं प्रत्येक ओळीत एकेक बसवायची गरज आहे, आणि तालमीच्या वस्तादाचा शब्द अजून ज्या गावात चालतो तिथे ते लंडनपेक्षा सोपं आहे असं मला मनापासून वाटतं.

तुर्कस्तानात एकदा याहून टोकाचा उपाय झाला. फेनरबाचे क्लबच्या प्रेक्षकांनी धुडगूस घातल्यामुळे त्यांना रिकाम्या मैदानात खेळायची शिक्षा होती. तिथल्या महासंघाने शिक्षा बदलली: पुरुषांना बंदी, बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट प्रवेश. २० सप्टेंबर २०११ ला इस्तंबूलच्या त्या मैदानावर एकेचाळीस हजारांहून जास्त बायका-मुलं आली. खेळाडूंनी आत येताना त्यांच्याकडे फुलं फेकली. त्याची छायाचित्रं पाहताना मला उचंबळून आलं आणि रागही आला. ती बाई, ते मूल यांनी पुरुषांना झालेली शिक्षा म्हणून का आत यावं? ती आधीपासूनच तिथे असायला हवी होती.

आपल्याकडे तर अडचण उलटी आहे. १ जून २०१८ ला अंधेरीच्या फुटबॉल अरीनात भारताने चायनीज तैपेईला पाच गोलांनी हरवलं, सुनील छेत्रीने तीन मारले, आणि प्रेक्षक होते २,५६९. मुंबईत! दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून व्हिडिओ केला. त्याचं म्हणणं असं होतं की आमच्यावर टीका करा, शिव्या घाला, पण मैदानावर या. चार तारखेचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता, तिकिटं संपली, पावसात लोक भिजत बसले. ते आवाहन मी तेव्हा फोनवर पाहिलं होतं आणि मला हसू आलं नव्हतं, वाईट वाटलं होतं. देशाच्या कप्तानाला शिव्यासुद्धा मागाव्या लागाव्यात, कारण त्या द्यायला तरी माणूस समोर लागतो. लंडनच्या त्या गॅलरीत बसल्यावर मला छेत्रीचं म्हणणं नव्याने कळलं. भरलेल्या मैदानाची भाषा सुधारता येते. रिकाम्या मैदानात सुधारायला कुणी नसतं.

बदलापूरच्या माझ्या वर्गात फुटबॉल खेळणाऱ्या मुली आहेत. पीटीच्या तासाला, मुलांनी क्रिकेटसाठी सोडलेल्या कोपऱ्यात त्या खेळतात आणि चांगल्या खेळतात. त्यांच्यापैकी एकीनेही भरलेलं मैदान प्रत्यक्षात पाहिलेलं नाही. दादरला गाडी बदलायची आणि अंधेरीला उतरायचं, एवढंच अंतर आहे. परत आल्यावर पालकसभेत मी हा विषय काढला, मुलींना सामन्याला न्यायचा. वडील मंडळी तिकिटाचं आणि परतीच्या वेळेचं विचारत होती. मागे बसलेल्या एका आईने हात वर केला. त्या उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जातात, रोज लोकलने.

"बाई, तिथे शिव्या देतात म्हणे. पोरींच्या कानावर पडणार."

"पडतील," मी म्हटलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. "मी त्यांच्या मधोमध बसेन. रेफरीला कुणी आंधळा म्हटलं तर म्हणू दे. पण कुणी एखाद्या खेळाडूच्या आईबहिणीवर, जातीवर, रंगावर गेलं, तर मी उठून त्याला खाली बसायला सांगेन. मुली ते बघतील."

"आणि तो नाही बसला तर?"

"तर पोलिसाला बोलावेन, आणि तोवर उभी राहीन."

त्यांनी थोडा विचार केला आणि मुलीचं नाव यादीत घालायला सांगितलं. मग म्हणाल्या, "माझंही घाला. अशा वेळी एकटं उभं राहायला नको, दोघी असलो तर बरं."